एकेका ढोलीपाशी राबून वाचवलेला पोपट: मॉरिशसचा कातो

रानवेल

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं मॉरिशसला होतो. घर वाक्वा गावात. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या आजींचं आंब्याचं झाड होतं आणि त्यावर रोज सकाळी पोपटांचा दंगा चालायचा. अगदी आपला पोपट. लाल चोच, गळ्यात कंठ, लांब शेपटी, कैरी अर्धी कुरतडून खाली टाकायची तीच खोड. परक्या देशात पहिल्याच आठवड्यात तो आवाज ऐकून मला भरून आलं होतं. आजींना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हा इथला नाही गं. इथला वर रानात असतो. तो दिसला की मला सांग."

तो दिसायला मला सात महिने लागले. माकाबेच्या रानातल्या पायवाटेवर धुकं होतं, पाऊस नुकताच थांबला होता. आधी आवाज आला. आपल्या पोपटाच्या किरकिरीपेक्षा खालच्या पट्टीतला, नाकातून काढल्यासारखा, "काऽ काऽ". वर बघितलं तर हातभर अंतरावरच्या फांदीवर मादी बसलेली. चोच पूर्ण काळी. अंगानं आपल्या पोपटापेक्षा भरलेली, शेपूट आखूड, हिरवा रंग गडद. एका पायात हिरवं फळ धरून ती ते फिरवत होती आणि साल सोलून खाली टाकत होती. साल माझ्या बाहीवर पडली. पाच-सात मिनिटं ती मला न जुमानता जेवत होती.

हा मॉरिशसचा कातो, इंग्रजीतला एको पॅराकीट. मास्करीन बेटं म्हणजे मॉरिशस, रेयुनियाँ आणि रॉड्रिग्ज. या तिन्ही बेटांवर एके काळी पोपटांच्या कितीतरी जाती होत्या. मॉरिशसचा मोठ्या डोक्याचा, रुंद चोचीचा पोपट सतराव्या शतकात संपला, डोडोच्या मागोमागच. रॉड्रिग्जच्या पोपटाचा शेवटचा नमुना १८७५ सालचा. रेयुनियाँवरचे तर त्याच्याही आधी गेले. त्या सगळ्या गोतावळ्यातला आज जिवंत असलेला हा एकटाच.

आणि हाही जवळजवळ गेलाच होता. १९८०च्या दशकात माहितीतले पक्षी दहाच्या आसपास उरले होते, आणि त्यांत माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आज साडेसातशेच्या वर आहेत. मधल्या काळात तिथल्या लोकांनी काय काय केलं ते मी जमेल तितकं वाचलं, विचारलं. ते इथे लिहावं असं फार दिवस मनात होतं, कारण आकडा वाढला म्हणजे पोपट वाचला, असं समजून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

आधी तो संपत का आला ते सांगते. डच १६३८ मध्ये तिथे वसले. त्यांनी आबनूस तोडला. मग फ्रेंच आले, १८१०मध्ये इंग्रज आले, आणि उसासाठी सपाटीचं रान साफ झालं. आज चांगलं म्हणावं असं मूळ रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. कातो त्या मूळ रानातल्या झाडांची फळं, फुलं, पानं खातो आणि जुन्या मोठ्या झाडांच्या ढोलीत घर करतो. तांबालाकोक, कोलोफान, ताकामाका अशी झाडं. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. १९७०च्या सुमारास डोंगरमाथ्यावरच्या रानाचा मोठा पट्टा पाइन लावण्यासाठी काढला, तेव्हा त्यांचा हक्काचा चाऱ्याचा मुलूख गेला. वर चक्रीवादळं. १९६०चं कॅरोल, १९७५चं जर्वेस. एका रात्रीत फळं झडतात आणि ढोलीची झाडं उन्मळून पडतात.

उरलेल्यांच्या घरट्यांवर उंदीर आणि माकडं. ही माकडं तिथली नव्हेत, माणसांनी जहाजातून आणलेली. अंडी खातात, पिल्लं ओढून काढतात. शिवाय घरट्यातली एक माशी आहे, तिच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात. ढोलीसाठी भांडायला साळुंकी (ती आपल्याकडून गेलेली), मधमाश्या आणि पांढऱ्या शेपटीचा एक समुद्रपक्षी. आणि माझ्या खिडकीतला तो, आपला पोपट. पिंजऱ्यातला पक्षी म्हणून बेटावर आणला होता, १८८६च्या सुमारास सुटला आणि फोफावला.

वाचवण्याचं काम कसं झालं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. एका दमात फार लांब होतंय.

कातळवाट

रानवेलताई, छान लिहिलंय, पुढचं लवकर टाका. ढोलीचा मुद्दा वाचून आमच्या गावची देवराई आठवली. राजापूरच्या बाजूला आहे. तिथे एक सातवीण आहे, तिच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी असते. देवराईबाहेरची सगळी मोठी झाडं गेली, म्हणून ती जोडी त्या एकाच झाडाला धरून आहे. गावात सगळ्यांना ते झाड माहीत आहे. ते पडलं तर पुढे काय, असं कोणी विचारलं की कुणाकडेच उत्तर नसतं.

चिवचिव

साळुंकीपण आपलीच आणि पोपटपण आपलाच? वाचून कसंतरी झालं. आपले पक्षी दुसऱ्याच्या घरात जाऊन असं वागतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रानवेल

चिवचिव, त्या पक्ष्यांचा काय दोष. त्यांना आणलं माणसांनी. त्यात आणखी एक गोष्ट आहे, तीही मला फार लागली. जनुकं तपासल्यावर दिसलं की कातो हा आपल्या पोपटाच्याच वंशातला आहे. फार फार पूर्वी हिंदुस्थानाच्या बाजूनं त्याचे पूर्वज समुद्र ओलांडून त्या बेटावर पोचले, तिथे एकटे राहून वेगळे झाले. आणि मग लाखो वर्षांनी माणसानं त्याच घराण्यातला दुसरा भाऊ पिंजऱ्यातून नेऊन तिथे सोडला. मला ही भाऊबंदकीच वाटते. ढोलीच्या जागेवरून चाललेली.

आता वाचवण्याबद्दल. १९७९मध्ये वेल्सहून कार्ल जोन्स नावाचा पंचविशीच्या आतला तरुण मॉरिशसला आला. तिथला पक्षी वाचवण्याचा प्रकल्प आवरता घेण्यासाठी त्याला पाठवलं होतं. तो तिथेच राहिला. आधी केस्ट्रेल हा छोटा ससाणा, ज्याचे १९७४मध्ये चारच पक्षी माहीत होते, मग गुलाबी कबूतर, मग हा कातो. निसर्गलेखक जेरल्ड ड्यूरेलच्या, जर्सी बेटावरच्या संस्थेचं पाठबळ होतं, मॉरिशसची वन्यजीव संस्था १९८४मध्ये उभी राहिली, आणि सरकारचं राष्ट्रीय उद्यान खातं पुढे सोबत आलं. कातो राहतो ते ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं रान १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

पण मला सांगायचंय ते ढोलीपाशी काय केलं त्याबद्दल. घरटं सापडलं की दोरखंड लावून माणूस वर चढायचा. ढोलीत पाणी शिरत असेल तर तळ नीट करायचा, तोंड मोठं असेल तर लहान करायचं, आणि खोडाच्या बाजूला एक छोटं दार कापायचं, म्हणजे पिल्लांपर्यंत हात जाईल. त्या दारातून पिल्लांची वजनं घ्यायची, अळ्या मारायला किडनाशक पावडर टाकायची. खोडाला गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा गुंडाळायचा, म्हणजे उंदराची नखं रुतत नाहीत. शेजारच्या झाडाच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे माकडाला उडी मारता येत नाही. हे एका झाडाला. असं प्रत्येक झाडाला, दर मोसमाला.

मादी दोन ते चार अंडी घालते, पण सगळी पिल्लं जगवणं आईबापांना झेपत नाही. म्हणून उशिरा फुटलेलं, मागे पडलेलं पिल्लू काढून आणायचे आणि ब्लॅक रिव्हरच्या केंद्रात हातानं भरवायचे. जिथे जोडीची अंडी वाया गेली असतील तिथे दुसऱ्याचं पिल्लू ठेवायचे, आणि ती जोडी ते वाढवायची. केंद्रात वाढलेले पक्षी १९९०च्या दशकात रानात सोडले गेले. त्यांच्यासाठी रानात खाद्याच्या पेट्या टांगल्या. घरट्यासाठी टांगलेल्या लाकडी पेट्यांकडे सुरुवातीला ते ढुंकून बघत नव्हते. आकार, तोंड, जागा बदलत बदलत एक नमुना जमला आणि मग ते त्यात राहू लागले. आता कितीतरी जोड्या या घरट्याच्या पेट्यांतच वीण घालतात.

धोक्यातल्या जातींच्या जागतिक (आययूसीएनच्या) यादीत २००७मध्ये कातोला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं, २०१९मध्ये आणखी एक पायरी खाली, 'असुरक्षित'मध्ये. आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग झालं की. त्याबद्दल बोलूच.

सडाफिरस्ता

ताई, तुमचं मन समजतं, पण मनापासून एक शंका विचारतो, राग मानू नका. इतकी माणसं, इतका पैसा, इतकी वर्षं, एका पोपटासाठी. डोडो गेला, बेट चाललंच आहे. निसर्गात काही जाती जातात, काही राहतात. हाच पैसा तिथल्या माणसांच्या शाळा-दवाखान्यांना दिला असता तर?

पाऊसपाणी

सडाफिरस्ता, 'निसर्गात जातात' हे इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. उंदीर, माकडं, रानडुकरं, हरणं, पेरू, ऊस, पाइन, सगळं माणसांनी आणलं. यात निसर्गाचा हात फक्त वादळापुरता. आणि पोपटासाठी राखलेल्या त्याच रानात गुलाबी कबूतर आहे, केस्ट्रेल आहे, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली झाडं आहेत. पोपट हे निमित्त आहे, राखलं जातंय रान.

वाक्वाचा_नातू

नमस्कार. मी मॉरिशसचा. आमचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले. माझी मराठी शाळेतली आहे, चूक असेल तर सांभाळून घ्या.

हा विषय इथे बघून मला आनंद झाला. आमच्या घरी आजी त्याला कातो म्हणायची, क्रिओलमधला शब्द. पण तिनंही तो आयुष्यात एकदाच बघितला, लहानपणी. आम्ही मुलांनी कधीच नाही बघितला. तो सगळा काळ असा होता की पोपट म्हटलं की बागेतला तो लांब शेपटीचाच.

सडाफिरस्ता दादा, तुमच्या शंकेला माझं उत्तर हे आहे. डोडो आमच्या देशाच्या चिन्हात आहे. शाळेत शिकवतात, दुकानात बाहुल्या मिळतात. ज्या पक्ष्याला आमच्या बेटानं मारलं त्याच्या नावानं आम्ही ओळखले जातो. म्हणून जो अजून आहे तो जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. दवाखाने आमच्याकडे आहेत आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

पेरूबद्दल मला लिहायचं आहे. चिनी पेरू. लाल, आंबटगोड, बोराएवढा. मार्चनंतर पिकतो तेव्हा अख्खं कुटुंब पिशव्या घेऊन प्लेन शाँपान्यच्या पठारावर जातं. मीठ-मिरची लावून खातो. माझ्या लहानपणीच्या सगळ्यात चांगल्या आठवणी त्या आहेत. मी मोठा झाल्यावर एका रविवारी स्वयंसेवक म्हणून रानात गेलो तेव्हा मला कुऱ्हाड दिली आणि सांगितलं, हा पेरू तोडायचा. मला वाटलं त्यांची काही चूक झाली. मग दाखवलं. पेरूच्या दाट जाळीखाली खाली बघितलं तर जमिनीवर आमच्या मूळ झाडाचं एकही रोपटं नव्हतं. वर शंभर-दोनशे वर्षांची झाडं उभी, आणि खाली त्यांचं एक लेकरू नाही. सगळं म्हातारं रान. ते बघून मी कुऱ्हाड चालवली.

रानवेल

नातू, तुम्ही लिहिलंत ते मी चार वाक्यांत सांगितलं असतं तरी असं उतरलं नसतं. हाच माझा मुद्दा होता. पक्षी वाढले, पण त्यांचं रान वाढलेलं नाही. पेरू आणि प्रिव्हेट नावाचं बाहेरून आलेलं झुडूप यांचा विळखा काढून, हरणं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालून, थोडे थोडे तुकडे साफ केले आहेत. त्या तुकड्यांत रोपं उगवतात. एरवी सगळीकडे तुम्ही म्हणता तसं. म्हणून साडेसातशे पक्ष्यांतल्या पुष्कळांना लाकडी पेट्या आणि टांगलेलं खाद्य लागतं. हात काढून घेतला तर त्यातले किती टिकतील?

कातळवाट

तांबालाकोकबद्दल वाचलं होतं की त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून ते झाड नवीन होत नाही. खरं का?

पाऊसपाणी

ते १९७७मध्ये स्टॅन्ली टेम्पल या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलं होतं आणि गोष्ट इतकी सुंदर होती की जगभर पसरली. पण डोडो गेल्यानंतर रुजलेली झाडंही आहेत, आणि बी डोडोशिवायही रुजतं. रोपं न वाढण्याचं कारण नातूंनी वर लिहिलंय तेच मोठं: जाळी, डुकरं, माकडं.

पशुवैद्य_सातारा

धागा उशिरा बघितला. रानवेल, तुम्ही रोगाचा भाग लिहिला नाहीत, तो मी भर घालतो, कारण माझ्या मते आज सगळ्यात मोठी धास्ती तीच.

पोपटांच्या चोच-पिसांचा रोग. सर्कोव्हायरस नावाचा अगदी बारीक विषाणू. पिसं वाकडीतिकडी येतात, झडतात, परत नीट उगवत नाहीत. चोच वाढते, चिरते. प्रतिकारशक्ती ढासळते, त्यामुळे पक्षी बहुतेकदा दुसऱ्याच कसल्यातरी संसर्गानं मरतो. पिल्लांना लागला तर फार वाईट. विष्ठेतून आणि पिसांच्या कोंड्यातून पसरतो, आणि घरट्यात, पेटीत महिनोन्‌महिने टिकतो. यावर औषध नाही.

मॉरिशसमध्ये २००४-०५च्या सुमारास कातोमध्ये याची मोठी साथ आली. विचार करा, सगळे पक्षी मूळच्या दहाएक पक्ष्यांचे वंशज, म्हणजे एकाला जे झेपत नाही ते दुसऱ्यालाही झेपण्याची शक्यता कमी. आणि हाच विषाणू तिथल्या त्या बाहेरून आलेल्या पोपटांतही सापडला. म्हणजे कातोतला एकवेळ आटोक्यात आणलात तरी बागेतल्या थव्यात तो राहणारच.

साथीनंतर त्यांनी घरट्यांतलं ते हात घालून चालणारं काम जवळपास थांबवलं. पिल्लं इकडून तिकडे नेणं बंद. ज्या हातांनी पक्षी वाचवले तेच हात एका ढोलीतून दुसऱ्या ढोलीत विषाणू नेऊ शकतात, हे कबूल करून थांबणं सोपं नसतं. खाद्याच्या पेटीचंही तसंच. भूक भागते, पण सगळे एकाच काठावर चोच घासतात. गोठ्यात साथ आली की आम्ही पहिल्यांदा सामायिक गव्हाण बंद करायला सांगतो. रानात ती बंद केली तर दुष्काळी महिन्यात पिल्लं उपाशी. हा पेच मी रोज बघतो, म्हणून त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

चिवचिव

डॉक्टर, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमच्या घरी मी आठवीत असेपर्यंत मिठू होता. आजोबांनी बाजारातून आणलेला. आम्ही त्याच्यावर जीव लावला होता, वाटीत मिरची-डाळ, संध्याकाळी गप्पा. १९७२च्या कायद्यानं आपला पोपट पाळणं गुन्हा आहे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. शेवटी आईनं सांगितलं आणि आम्ही त्याला गच्चीवरून सोडून दिलं. आम्हाला वाटलं आपण चांगलं केलं. त्याच्याबरोबर काय काय बाहेर जाऊ शकतं हा विचारच नव्हता.

पशुवैद्य_सातारा

चिवचिव, तुम्ही लहान होतात, मनाला लावून घेऊ नका. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: घरात असा पक्षी असेल तर गच्चीवरून सोडू नका. वन विभागाला कळवा, ते बचाव केंद्रात नेतात, तिथे तपासणी होते. पाळलेल्या पक्ष्याला बाहेर अन्नही शोधता येत नाही.

सडाफिरस्ता

मी परत आलो. नातूंचं उत्तर वाचून थांबलो होतो. शंका मागे घेतो असं नाही म्हणत, पण शाळा-दवाखान्याचा माझा मुद्दा तिथे बसत नाही हे पटलं. आता वेगळं विचारतो. एकच बेट, एकच रान. मोठं वादळ आलं तर?

रानवेल

ती भीती खरी आहे. प्वेर्तो रिकोचा पोपट बघा. १९७५मध्ये रानात तेरा उरले होते. तिथेही असंच वर्षानुवर्षं काम करून वाढवले. २०१७मध्ये मारिया वादळ आलं आणि एल युंकेच्या रानातला जवळजवळ सगळा थवा गेला. दुसरीकडे दुसरा थवा वसवला होता, पिंजऱ्यातही पक्षी होते, म्हणून जात उरली.

मॉरिशसच्या लोकांनी हे ओळखून २०१५पासून बेटाच्या आग्नेयेला, फेर्ने खोऱ्यात, कातो सोडायला सुरुवात केली. मूळच्या रानापासून बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिथे आता ते वीण घालतात. बेट लहान आहे, वादळ दोन्हीकडे पोचणारच. पण दरी वेगळी, वाऱ्याची दिशा वेगळी, रोग आला तर मध्ये ऊस आणि गावं. इतकाच आडोसा त्यांना देता येतो आणि तो त्यांनी दिलाय.

आणि हो, शेजारच्या आजींना मी सांगितलं होतं, दिसला म्हणून. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "चोच काळी होती का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मादी. बरं झालं."

कातळवाट

नातू, आपल्याकडच्या पक्ष्यांना पोपट, राघू, कीर अशी नावं आहेत. याला मराठीत काय म्हणायचं? 'प्रतिध्वनी पोपट' कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते काही गोड लागत नाही.

वाक्वाचा_नातू

कातळवाट दादा, कातोच म्हणा. आजी मराठीत बोलतानाही कातोच म्हणायची, मग तो मराठीच झाला.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन माकाबेला गेलो होतो. ती सहा वर्षांची आहे. रानवेलताईंनी लिहिलं होतं तसं आधी आवाज आला. मी तिला म्हटलं, वर बघू नको, आधी ऐक. ती डोळे मिटून उभी राहिली. तीन होते. दोन उडून गेले, एक बसून राहिला, त्याची वरची चोच लाल होती. घरी येऊन तिनं चित्र काढलं आणि शेपटी फार लांब काढली. मी तिला सांगितलं, हा बागेतला झाला. तिनं खोडरबर घेतला आणि अर्धी शेपटी पुसली.